मोठं फर्निचर परगावी मोडकं पोचतं: लक्षणं, कारणं आणि क्रमाने तपासण्या

वडोदऱ्याहून पुणे, नागपूर, हैदराबाद, बेंगळुरूकडे ऑनलाइन विकलेलं मोठं सामान सतत जात असतं. संखेडा गावचे, लाखेचं रंगकाम केलेले झोपाळे आणि सोफे, सागवानी पलंग, दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांमधून निघालेली कपाटं, आरामखुर्च्या. तक्रार मात्र एकच, पुन्हा पुन्हा येणारी: माल आला, पण मोडका. मग पुढच्या खेपेला बबल रॅपचे दोन वेढे वाढवले जातात आणि वस्तू पुन्हा त्याच जागी मोडते. बबल रॅप ओरखडे अडवतो. वजन कुठून कुठे जातं, ते त्याच्या हातात नाही. म्हणून आधी नेमकं काय आणि कुठे मोडलं ते पाहा आणि खालच्या तपासण्या वरून खाली करत या. सुरुवातीच्या फुकट आहेत, शेवटच्यांना सुतार, वेळ आणि पैसा लागतो.

लक्षणं

• पाय मुळाशी, म्हणजे चौकटीला मिळतो तिथे, उकललेला किंवा मोडलेला. पॅकिंग जवळजवळ शाबूत.
• वस्तू मोडलेली नाही, पण बसलं की करकरते, हलते.
• पॉलिशवर गोल गोल ठिपके, किंवा प्लास्टिकच चिकटून बसलेलं. लाखकामात रंगासकट थर उचललेला.
• कोपरे आणि कडा चेचलेल्या.
• काचेला किंवा संगमरवरी पाटीला मधोमध आरपार तडा.
• ड्रॉवर, दारं अडकतात. पाठवताना अगदी सैल चालत होती.
• स्क्रू, बोल्ट, साखळीची कडी कमी.
• वस्तू धड आहे, पण लिफ्टमध्ये, जिन्यात किंवा दारातून जात नाही.
• भाडं ठरल्यापेक्षा बरंच जास्त लागलं, किंवा माल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनलाच पडून आहे.

दोन-तीन लक्षणं एकत्र असली तर मोडण्याची बाजू आधी घ्या. भाड्याचा गोंधळ फोनवर सुटतो.

फोटो (खर्च शून्य)

माल निघाला की खरेदीदाराला त्याच दिवशी मेसेज करा. असा: "ताई, गाडी आली की पॅकिंग फोडायच्या आधी सहाही बाजूंचे फोटो काढा. कुठे भोक, ओल, दबलेला कोपरा दिसला तर पोचपावतीवर तसं लिहा आणि मगच सही करा. पॅकिंग लगेच टाकू नका, चार दिवस राहू द्या."

या फोटोंवरून अर्धं निदान होतं. बाहेरचं पॅकिंग फुटलंय आणि वस्तू त्याच जागी मोडलीय, तर धक्का बाहेरून आला: फोर्कलिफ्टचा दात, दुसऱ्या नगाचं वजन किंवा आपटणं. पॅकिंग शाबूत आणि आतली वस्तू मोडकी, तर वस्तू आतल्या आत हलत होती किंवा तिचं वजन चुकीच्या जागी टेकलं होतं. पॅकिंगचा फक्त तळ घासलेला असेल, तर नग ओढत नेलाय.

मोडलेल्या सांध्याचा जवळून एक फोटो मागाच. निघालेल्या टोकावर गोंद चकचकीत, गुळगुळीत दिसत असेल आणि लाकडाचे तंतू चिकटलेले नसतील, तर गोंद धरलाच नव्हता. तिथे ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडून उपयोग नाही, ते काम सुताराकडचं आहे. टोकावर लाकडाचे फाटलेले तंतू असतील, तर सांधा चांगला होता आणि जोर जास्त पडला. पायाची चीर उभी न जाता तिरकी आरपार गेली असेल, तर त्या लाकडातल्या रेषाच तिरक्या होत्या. असा पाय कितीही गुंडाळून पाठवा, पुन्हा मोडेल. कारखान्यातूनच बदलून घ्या.

मापं (खर्च शून्य)

खरेदीदाराकडून पाच मापं लेखी घ्या: मुख्य दाराची मोकळी रुंदी, आतल्या खोलीच्या दाराची रुंदी, लिफ्टच्या दाराची रुंदी, लिफ्टची आतली खोली आणि उंची, जिन्याच्या वळणावरच्या चौथऱ्याची लांबी-रुंदी. दाराची रुंदी चौकट ते चौकट घेऊ नका. दार उघडून धरलं की फळीची जाडी दीड इंच खाते, बाहेर सेफ्टी डोअर असेल तर आणखी तेवढंच. सहा माणसांच्या लिफ्टचं दार साधारण ७०० मिलिमीटर उघडतं, आठ माणसांच्या लिफ्टचं ८००. डबल बेडचा ७६ इंची हेडबोर्ड तिथे आडवा जात नाही, उभा धरला तर उंची तपासावी लागते.

सोफ्याची लांबी दारात अडत नाही. अडते ती पाठीची उंची आणि बैठकीची खोली, यातलं जे लहान ते. ते माप दाराच्या मोकळ्या रुंदीपेक्षा किमान २ इंचांनी कमी हवं. मापं जुळत नसतील तर ऑर्डर घेण्याआधीच सांगा. दारात अडकलेला सोफा हमाल तिरका करून दाबतात, आणि मोडतो तेव्हा सोफ्याचा हात मोडतो.

चौथ्या मजल्यावर लिफ्टशिवाय न्यायचं असेल किंवा बाल्कनीतून दोराने चढवायचं असेल, तर इथेच थांबा. हे काम त्या शहरातल्या अनुभवी पॅकर्सचं आहे, ट्रकबरोबर आलेल्या दोन हमालांचं नाही. दोर सुटला तर प्रश्न फर्निचरचा राहत नाही.

भाडं, बिल्टी, ई-वे बिल (खर्च शून्य, फक्त एक फोन)

मोठ्या सामानाचं भाडं वजनावर लागत नाही, जागेवर लागतं. इंचांत लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले १७२८, म्हणजे घनफूट. ट्रान्सपोर्टवाले त्यालाच सीएफटी म्हणतात. मग प्रत्येक सीएफटीमागे ते ठरावीक किलो धरतात. हा आकडा कोणाचा ६, कोणाचा ८, कोणाचा १०. तो बुकिंगआधी विचारला नाही की बिल पाहून धक्का बसतो.

पॅकिंगसह ८४ × ३८ × ४० इंचांचा तीन जणांचा सोफा घ्या. ७४ सीएफटी झाले. १० किलोचा हिशेब लागला तर ८५ किलोच्या सोफ्याचं भाडं ७४० किलोचं. त्याच सोफ्याचे ८ इंची पाय काढले की उंची ३२ इंच उरते आणि सीएफटी ५९ वर येतात. भाडं पाचव्या हिश्श्याने कमी, आणि मोडायला पायही नाहीत. छोटं टेबल कुरियरने जात असेल तर तिथला हिशेब बहुधा सेंटिमीटरमध्ये, भागिले ५००० असा असतो. ६० × ६० × ५० चं टेबल ३६ किलोचं धरलं जातं, मग ते प्रत्यक्षात ९ किलोचं का असेना.

बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याच्या मालपावतीवर, तीन गोष्टी वाचा. पहिली, डिलिव्हरी घरपोच की गोडाऊन. "डोअर" लिहिलेलं नसेल तर माल भिवंडीला किंवा पुण्याच्या बाहेरच्या गोडाऊनला उतरतो आणि खरेदीदाराला स्वतः छोटा हत्ती करून आणावा लागतो. पुण्याच्या पेठांमध्ये मोठी गाडी शिरतच नाही, तेव्हा शेवटचा टप्पा छोट्या टेम्पोचा हे आधीच ठरवून घ्या. दुसरी, नगांची संख्या. पलंग चार नगांत गेला तर बिल्टीवर ४ हवेत, "१ पलंग" नाही. नाहीतर हरवलेला नग सिद्ध कसा करणार? तिसरी, मालाची जाहीर किंमत आणि जोखीम कोणाची. हिच्याबद्दल शेवटी सविस्तर.

५०,००० रुपयांवरच्या मालाला परराज्यात जाताना ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखालचा माल वाहतुकीचा ऑनलाइन दाखला, लागतं. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. वडोदरा ते पुणे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ३ दिवस. पार्ट-लोडचा, म्हणजे एकाच गाडीत अनेकांच्या मालाबरोबर जाणारा, माल मधल्या गोडाऊनमध्ये दोन दिवस बसला की मुदत संपते. ती संपण्याआधी ८ तास किंवा संपल्यानंतर ८ तास एवढ्याच वेळात वाढवता येते, आणि ते काम माल ज्याच्या ताब्यात आहे त्या ट्रान्सपोर्टरने करायचं असतं. म्हणून त्याचा नंबर हाताशी ठेवा. बिलावर खुर्च्या-सोफ्यांना एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड) ९४०१ आणि पलंग, कपाट, टेबल यांना ९४०३ येतं. दोन्ही एका ओळीत घुसडले की तपासणीत प्रश्न निघतात.

सुटे भाग (खर्च दहा-वीस रुपये)

स्क्रू-बोल्टची पिशवी खोक्यात मोकळी टाकू नका. तळाची चिकटपट्टी सुटली की ती पहिली पडते, आणि आत राहिली तर पॉलिशवर घासत राहते. झिपच्या पिशवीत भरा आणि पिशवी चौकटीच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला स्क्रूने अडकवा. प्रत्येक प्रकारचा एक जास्तीचा घाला. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेपवर सारखाच आकडा लिहा: १-१, २-२. हाताने केलेल्या पलंगात चारही पाय दिसायला सारखे असतात, पण भोकं सारखी नसतात. चुकीच्या जागी बोल्ट ठोकून बसवला की लाकूड फाटतं, आणि ते "वाटेत मोडलं" म्हणून कळवलं जातं. नक्षीकाम असेल तर टेप पॉलिशवर लावू नका, मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहा.

पॉलिशला लागणारा पहिला थर

ठिपक्यांचं कारण बहुतेक वेळा एकच: पॉलिश हाताला कोरडं लागतं, पण आतून पक्कं झालेलं नसतं. मेलामाइन पॉलिश काही तासांत कोरडं वाटतं. त्यावर बबल रॅप आवळून ट्रकमध्ये घातला की एकेक बुडबुडा उमटतो. किमान ७ दिवस थांबा, पावसाळ्यात १० तरी. घाई असेल तर चाचणी घ्या: वस्तूच्या खालच्या बाजूला बबल रॅपचा तुकडा ठेवून त्यावर दोन किलोचं वजन रात्रभर ठेवा. सकाळी ठसा दिसला तर माल निघणार नाही.

ठसा दिसला नाही तरी प्लास्टिक थेट लाकडाला लावायचं नाही. आधी बटर पेपर किंवा धुतलेलं मऊ सुती कापड, त्यावर ३-४ मिलिमीटरचा फोम, मग बुडबुडे बाहेरच्या बाजूला ठेवून बबल रॅप.

संखेड्याचं काम वेगळं आहे आणि त्याला जास्त जपावं लागतं. संखेडा २०१३ पर्यंत वडोदरा जिल्ह्यातच होतं, आता छोटा उदेपूरमध्ये आहे. तिथल्या खरादींच्या, म्हणजे लेथवर लाकूड कातणाऱ्या कारागिरांच्या, सागवानी कातकामाला भौगोलिक मानांकनही आहे. त्यावरचा थर लाखेचा, आणि लाख उष्णतेने मऊ होते. एप्रिल-मेमध्ये वडोदऱ्याचं ऊन चाळिशी ओलांडतं, बंद कंटेनरचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो. एकमेकांना टेकलेले दोन कातीव भाग अशा वेळी चिकटतात आणि सोडवताना चंदेरी नक्षी निघून येते. म्हणून या कामात प्रत्येक कातीव भागावर वेगळं सुती कापड हवं आणि कुठलाही भाग दुसऱ्याला थेट टेकता कामा नये. स्ट्रेच फिल्मचे आवळून वेढे देऊ नका. शंका असेल तर एखादा टाकाऊ कातीव तुकडा तसाच गुंडाळून दुपारभर उन्हातल्या बंद गाडीत ठेवा आणि संध्याकाळी उघडून बघा. मे महिन्यात शक्य असेल तर ताडपत्रीची गाडी घ्या, बंद कंटेनर टाळा.

लाखेचा थर उचललाच असेल तर टचवुड किंवा नेलपॉलिशचे प्रयोग नकोत. दोन्हींच्या द्रावणाने आजूबाजूची लाखही बिघडते. तो भाग सुटा करून खरादीकडे परत पाठवायचा. ते पुन्हा चढवू शकतात.

वजन कुठे टेकलंय

मोडलेल्या पायांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे, तेव्हा ही तपासणी घाईत उरकू नका.

घरात वस्तू पायांवर उभी असते आणि पाय सरळ खाली दाब घेतो. तिथे तो मजबूत असतो. ट्रकमध्ये, गोडाऊनच्या फरशीवर आणि हमालांच्या हातात त्याच्यावर बाजूने जोर येतो. १५ इंची पाय म्हणजे १५ इंची तरफ. टोकाला थोडाच जोर लागला तरी मुळाशी तो कितीतरी पट होऊन पोचतो. कातीव पायाचा मुळाजवळचा गळा सगळ्यात बारीक असतो, तो तिथेच उकलतो. पायाभोवती कितीही फोम गुंडाळला तरी तरफ तेवढीच राहते.

उपाय दोन. पहिला, पाय काढा. बोल्टचे पाय असतील तर पाच मिनिटांचं काम आहे. दुसरा, पाय निघत नसतील तर वजन पायांवर येऊ देऊ नका. बैठकीच्या चौकटीखाली, चारही कोपऱ्यांच्या आतल्या बाजूला, पायांच्या उंचीपेक्षा अर्धा इंच उंच असे लाकडी ठोकळे उभे करा. त्यावर १० मिलिमीटरचा फोम चिकटवा, आणि सगळे ठोकळे खालून दोन आडव्या पट्ट्यांना स्क्रूने जोडा. आता वस्तू चौकटीवर बसली आणि पाय हवेत अर्धा इंच मोकळे लटकले. पाय हाताने हलवून बघा. कुठेही टेकत नसतील तरच पुढे जा. या एका बदलाने मुळाशी मोडलेल्या पायांच्या तक्रारी जवळजवळ थांबतात.

पायांना जोडणाऱ्या खालच्या आडव्या दांड्या, नाजूक जाळी, कातीव गज यांच्यावरून दोरी कधीच नेऊ नका. गाडीत बांधताना हमालाला पहिली सापडते ती हीच दांडी. त्यावर आधीच पुठ्ठा लावून मोठ्या अक्षरांत "इथे दोरी नको" लिहा, मराठीत आणि हिंदीतही. "नाजूक" असं छापलेल्या स्टिकरपेक्षा कुठे धरायचं हे दाखवणारे दोन बाण जास्त कामाचे. माणसं जपून उचलायला तयार असतात, धरायचं कुठे ते त्यांना दिसलं पाहिजे.

झोपाळ्याचं थोडं वेगळं सांगायला हवं. पाट, खांब, वरची आडवी तुळई, साखळ्या असे चार प्रकारचे भाग. पितळी साखळ्या पाटाबरोबर कधीच गुंडाळू नका. वाटभर त्या पाटावर आपटत राहतात आणि लाखेवर चरे पडतात. साखळ्या वेगळ्या खोक्यात, प्रत्येक कडी कागदात. खांब जोडीने बांधताना एकाचं जाड टोक दुसऱ्याच्या बारीक टोकाशी ठेवा, मध्ये २५ मिलिमीटरचा फोम. पाट कडेवर उभा जाईल, आडवा नाही. आडव्या पाटावर गाडीत कोणीतरी दुसरा नग ठेवतोच.

खरेदीदाराला झोपाळा स्टँडऐवजी छताला टांगायचा असेल, तर हुक स्वतः मारू नका आणि त्यालाही मारू देऊ नका. पाट, तीन माणसं आणि झोक्याचा धक्का मिळून भार बराच होतो. स्लॅबमध्ये सळई कुठे आहे, हुक कसा धरवायचा, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला किंवा जाणत्या कंत्राटदाराला विचारूनच ठरवायचं.

काच आणि संगमरवर

पाटी उभीच जाते, कडेवर. आडवी ठेवली की मध्ये आधार नसतो, गाडी एका खड्ड्यात आपटली की स्वतःच्याच वजनाने मधोमध तडकते. टेबलावर बसवलेली काच तशीच पाठवू नका. काढा, दोन्ही बाजूंना फोम, मग १२ मिलिमीटर प्लायच्या दोन पाट्यांमध्ये घालून सँडविचसारखी बांधा आणि कोपऱ्यांना फोमचे गार्ड लावा. नगावर वरची बाजू दोन्ही अंगांना दाखवा. जुन्या टेबलाच्या संगमरवराला आधीच बारीक केसासारखी चीर असेल, तर ती पाटी पाठवण्याचा नाद सोडा. नवी त्या शहरात कापून घ्यायला सांगा आणि किंमतीतून वजा करा.

लाकडी पेटी

इथून खर्च खरा सुरू होतो. पार्ट-लोडने जाणारं कपाट, नक्षीदार सोफा, जुनी आरामखुर्ची यांना पेटी लागतेच. पूर्ण गाडी तुमचीच असेल तर बहुतेक वेळा लागत नाही.

पाइनच्या पाऊण ते एक इंच जाड, तीन इंच रुंद रिपा. बंद प्लायपेक्षा रिपांची उघडी पेटी बरी. आत काय आहे ते दिसतं, म्हणून तिच्यावर वजन रचायला माणूस कचरतो, आणि ओलही साठत नाही. खाली चार इंच उंच ठोकळे असू द्या, हँड पॅलेट ट्रकचे दात त्यात जातात आणि नग ओढावा लागत नाही. खिळे नकोत. गाडीच्या हादऱ्याने खिळे हळूहळू बाहेर येतात आणि त्यांची टोकं पॉलिशमध्ये घुसतात. आधी भोक पाडून ८ नंबरचे २ इंची स्क्रू लावा. प्रत्येक बाजूला एक तिरकी रीप हवीच. ती नसली की पेटी एका अंगाला कलते, आणि पेटी कलली की आतल्या सांध्यांवर जोर येतो.

आत वस्तू आणि रीप यांच्यात दोन इंच जागा, ती फोमच्या ठोकळ्यांनी घट्ट भरलेली. थर्माकोलचे तुकडे झिजून भुगा होतात आणि दुसऱ्या दिवशी वस्तू आत हलू लागते. पेटी बंद करून दोघांनी एका बाजूने सहा इंच उचला आणि हलवा. आतून आवाज आला तर पुन्हा उघडा. पट्टी प्लास्टिकची असली तर पीईटीची घ्या, साधी पीपी पट्टी वाटेत सैल पडते. पट्टीखाली कोपऱ्याला एल आकाराचा पुठ्ठा ठेवा, नाहीतर पट्टीच कडेत रुतते.

रस्ता

प्रत्येक गोडाऊन म्हणजे एक उतरवणं आणि एक चढवणं. पार्ट-लोडमध्ये माल वडोदऱ्यात भरला, भिवंडीत बदलला, पुण्यात पुन्हा छोट्या गाडीत गेला, की तीनदा हात बदलले. महाग नक्षीकाम असेल तर छोट्या पूर्ण गाडीचा भाव घ्या. १४ फुटी गाडीत दोन-तीन खरेदीदारांचा त्याच वाटेवरचा माल एकत्र केला तर फरक वाटतो तेवढा राहत नाही. पावसाळ्यात ताडपत्री दोन पदरी हवी आणि तळाला प्लास्टिक. पाणी वरून येतं त्याहून जास्त वेळा गाडीच्या फळ्यांमधून खालून येतं.

लाकूड स्वतः

ड्रॉवर अडकला की लोक रंधा मारतात. थांबा. आधी विचारा, वस्तू समतल जमिनीवर आहे का? कपाटाच्या एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सारला की अनेकदा दार नीट बसतं. तरीही अडत असेल तर ओलावा बघा. वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात वाळलेलं लाकूड जुलैत मुंबई-कोकणात पोचलं की फुगतं, आणि ते रेषांच्या आडव्या दिशेने. दीड फूट रुंदीची भरीव सागवानी फळी ओलाव्यात ६ टक्क्यांचा फरक पडला तर ४-५ मिलिमीटर वाढू शकते. पावसाळ्यात रंधा मारलेला ड्रॉवर जानेवारीत खुळखुळा होतो.

त्यामुळे निघण्याआधी मॉइश्चर मीटरने मोजा. ८ ते १२ टक्के ठीक, त्याहून जास्त असेल तर माल थांबवा. रुंद पाटी चौकटीला पक्क्या स्क्रूने जखडलेली असेल तर ती फाटणारच. तिला लांबट भोकाच्या क्लिपांवर बसवून घ्यायला सांगा. भरीव दिल्ह्याचं (चौकटीत बसवलेल्या फळीचं) दार असेल तर दिल्हा खाचेत मोकळा हवा, गोंदाने चिकटवलेला नको.

करकर ऐकू येत असेल आणि सांधा सैल झाला असेल, तर वरून फेव्हिकॉल ओतू नका. जुन्या गोंदाच्या थरावर नवा धरत नाही आणि पुढच्या सुताराचं काम दुप्पट करतो. सांधा पूर्ण उघडून, जुना गोंद खरवडून, नवीन लाकडी खुंटी घालून, शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवायचा. हे सुताराचं काम आहे. तोच नमुना पुन्हा पुन्हा सैल होत असेल, तर सुताराबरोबर बसून तो बोल्टने जोडायचा, सुटा होणारा असा करून घ्या. खर्च एकदाच येतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

परदेशी खरेदीदार असेल तर फ्रेट फॉरवर्डरशिवाय, म्हणजे परदेशी माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटशिवाय, पाऊल टाकू नका. पेटीचं लाकूड आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे तापवून शिक्का मारलेलं लागतं. वस्तू शिसवीची असेल तर साइट्स या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम लागू होतात. वाड्यातून निघालेली वस्तू शंभर वर्षांहून जुनी असण्याची शक्यता असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तशी नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आधी घ्या, ऑर्डर नंतर.

महाग मालाला ट्रान्झिट विमा वेगळा काढा. ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याखाली आणि त्याच्या नियमांनुसार साधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते, जास्त किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल तर. भाडं ३,५०० असेल तर हाती येणार जास्तीत जास्त ३५,०००, सोफा ९०,००० चा असला तरी. विमा घेतानाही लक्षात ठेवा: अपुरं पॅकिंग हे दावा नाकारायचं नेहमीचं कारण आहे, म्हणून पॅकिंगच्या प्रत्येक टप्प्याचा तारखेसह फोटो काढून ठेवा. नुकसान दिसलं की विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्वेअर येऊन बघेपर्यंत वस्तू दुरुस्त करू नका, पॅकिंगही हलवू नका.

विमा नसेल आणि नुकसान मोठं असेल, तर ट्रान्सपोर्टरला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. दिवस बुकिंगपासून मोजायचे, माल पोचल्यापासून नाही. फोनवरची बोलणी आणि व्हॉट्सअॅपवरचं "बघतो साहेब" यावर विसंबून हे दिवस जातात. दोन महिन्यांत तोडगा निघाला नाही तर वकिलाकडून नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने, पोच घेऊन. सोबत बिल्टीची प्रत, बिल, शेरा मारलेली पोचपावती आणि पॅकिंग फोडण्याआधीचे ते सहा फोटो जोडा.